शिकागोत नव्याने येताय? आधी हे वाचा

दर उन्हाळ्यात तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतेय.

प्रश्न: ताई, गाडी घ्यावीच लागेल का?
ऑफिस लूपमध्ये (शहराचा मध्यवर्ती ऑफिसांचा भाग) आणि घर ट्रेनजवळ असेल तर नाही. नेपरव्हिलसारख्या उपनगरात राहणार असाल तर हो.

प्रश्न: ओहेअरवर मध्यरात्री उतरतोय, ट्रेन मिळेल?
मिळेल. ब्लू लाइन २४ तास चालते.

प्रश्न: पत्त्यातले नंबर डोक्यावरून जातात.
स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे क्रॉस होतात तिथे शून्य, तिथून साधारण ८०० नंबरांना एक मैल (दक्षिणेला पहिले तीन मैल हिशोब जरा वेगळा आहे). आपल्या इंडियन दुकानांचा डेव्हन ॲव्हेन्यू ६४०० नॉर्थ, म्हणजे आठ मैल उत्तरेला. लेक मिशिगन, म्हणजे मोठा तलाव, कायम पूर्वेला. दोन दिवस फोन खिशात ठेवून चाला, जमेल.

प्रश्न: पुण्यातूनच अपार्टमेंट फायनल करतोय, मालक म्हणतो मी परदेशात आहे, दोन महिन्यांचं डिपॉझिट पाठवा, चावी कुरियर करतो. पाठवू का?
नाही, अजिबात नाही! हे वाचूनच पोटात गोळा येतो. शेजारच्या घरांपेक्षा भाडं बरंच कमी, मालक भेटत नाही आणि पैशांची घाई, हे तिन्ही एकत्र आलं की समजायचं फसवणूक आहे, फोटो कितीही सुंदर असूदेत. पहिला महिना एखाद्या ओळखीच्यांकडे नाहीतर शॉर्ट टर्म जागेत काढा आणि घर स्वतः बघून मगच ठरवा. आणि खरा मालक असला तरी विचारायचं, हे सिक्युरिटी डिपॉझिट आहे की मूव्ह-इन फी, कारण मूव्ह-इन फी सहसा परत मिळत नाही आणि जाहिरातीत मात्र 'नो डिपॉझिट' असं मोठ्या अक्षरात लिहितात, हा प्रकार मला मुळीच पटत नाही. डिपॉझिट दिलंत तर पावती घ्या. शहराच्या भाडेकरू कायद्यात घर सोडल्यावर ते साधारण ४५ दिवसांत परत करायचा नियम आहे, पण मालक स्वतः राहत असलेल्या सहा किंवा कमी घरांच्या बिल्डिंगला हा कायदा लागू नाही. हीटिंगचं बिल कोणाचं तेही लीजमध्ये लिहून घ्या, जानेवारीत कळून उपयोग नाही. सही करण्याआधी लीज भाडेकरूंची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा. सही झाल्यावर माझ्याकडे येता, तेव्हा हातात फार काही उरत नाही.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर सगळे सांगतात साऊथ साइडला जाऊच नका.
युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो साऊथ साइडलाच आहे, हाइड पार्कमध्ये, चायनाटाउनही तिकडेच. शहरात अधिकृत ७७ कम्युनिटी एरिया आहेत आणि दोन गल्ल्यांनी चित्र बदलतं. फॉरवर्ड वाचून अख्खी बाजू बाद करू नका. ती गल्ली दिवसा बघा, रात्री बघा, तिथे राहणाऱ्यांना विचारा, मग ठरवा.

प्रश्न: बर्फ नसेल तर हिवाळ्यात रात्री रस्त्यावर गाडी ठेवली तर चालते ना?
सगळीकडे नाही. ठरावीक मोठ्या रस्त्यांवर १ डिसेंबर ते १ एप्रिल पहाटे ३ ते ७ पार्किंग बंद असतं, बर्फ पडो न पडो, आणि गाडी टो होते. पाटी वाचा, शंका असेल तर ३११ ला (शहराची माहिती देणारी फोन लाइन) फोन करा, आणि हे नोव्हेंबरमध्येच करा.