घरचा पीसी सारखा आपोआप रीस्टार्ट होतो, कधी निळी स्क्रीन येते, दोनदा फॉरमॅट करूनही तेच. आता विंडोज ११ टाकू का?

आत्ता नको. आणि तिसऱ्यांदा फॉरमॅट तर अजिबात मारू नका. दुकानदार तुम्हाला "विंडोज करप्ट झालंय" म्हणाला असं लिहिलंय, हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण सासुरवाडीत आमच्या साडूंच्या तोंडून ते ऐकून ऐकून कान किटलेत.

विंडोज करप्ट होतं, मान्य. पण का होतं हे कुणी विचारत नाही. चालू मशीनचा करंट मध्येच तुटला की त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या फाइली अर्धवट राहतात, असं सारखं होत राहिलं की एक दिवस विंडोज खरंच बिघडतं. मग फॉरमॅट मारला की सगळ्या फाइली नव्या कोऱ्या, आठ-पंधरा दिवस मशीन मस्त पळतं, घरातले म्हणतात झालं काम, आणि मूळ रोग आहे तिथेच. वर फॉरमॅटबरोबर इव्हेंट लॉगही, म्हणजे काय कधी बिघडलं याची विंडोज ठेवतं ती नोंदवही, साफ होतो. म्हणजे चोरी झाली आणि पोलीस यायच्या आधी आपणच घर झाडून पुसून लख्ख केलं.

आमच्या सासऱ्यांचा पीसी, गाव कराडच्या पुढं. सासरे रिटायर शिक्षक, देवस्थान ट्रस्टचा हिशेब आणि घराण्याची वंशावळ त्याच्यावर टाइप करायचे. पीसी संध्याकाळी मध्येच फट्कन बंद व्हायचा आणि आपोआप चालू व्हायचा. साडू पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये, मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला, त्यामुळे कॉम्प्युटरचं कोणाला विचारायचं हे घरात लग्नापासून ठरलेलं. साडू दिवाळीला आले की पेनड्राइव्ह काढायचे आणि फॉरमॅट मारायचे. मी म्हणायचो अहो एकदा लाइनचं बघू, तर म्हणायचे, "राव, तुमचं ते मोटारीचं वगैरे ठीक आहे, हे ओएसचं मॅटर आहे."

एका दिवाळीत वंशावळ गेली. सासऱ्यांनी ती डेस्कटॉपवर ठेवलेली आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच असतो हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत. साडू म्हणाले, "डी ड्राइव्हला हात लावला नाही मी." हिशेबाच्या फाइली डीमध्ये होत्या त्या राहिल्या खऱ्या, पण त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, युनिकोड नव्हे, आणि तो फॉन्ट फॉरमॅटमध्ये गेला. फाइल उघडली की देवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. सासरे बोलले काहीच नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. मला तेव्हापासून त्या पेनड्राइव्हचा राग आहे.

पुढं यात्रेला गेलो तेव्हा साडू नव्हते. पहिल्यांदा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. स्टार्टवर राइट क्लिक केलं की दिसतो, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. लाल खुणांमध्ये कर्नल पॉवर, आयडी ४१, रांगच लागलेली. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. खरी गंमत त्याच्या डिटेल्स टॅबमध्ये आहे. तिथं बगचेक कोड म्हणून एक आकडा असतो. निळी स्क्रीन येऊन पडलं असेल तर तिथं काहीतरी आकडा येतो. आमच्याकडं सगळीकडं शून्य. म्हणजे विंडोजला बिचाऱ्याला तक्रार लिहायलासुद्धा वेळ मिळाला नाही, खालून सतरंजीच ओढली. आणि वेळा बघितल्या तर बहुतेक सगळ्या संध्याकाळी सात ते दहा, जेव्हा गावात व्होल्टेज बसतं.

मल्टिमीटर माझ्या बॅगेत असतोच. पीसीच्या शेजारच्या सॉकेटला लावला, १८८. (२३० पाहिजे.) भिंतीपलीकडं स्वयंपाकघर, लाइन एकच. बसून राहिलो. फ्रिजचा रिले टक् वाजला, कॉम्प्रेसर उचलला, मीटर झर्रकन १७० च्या खाली जाऊन परत आला, ट्यूबलाइट नुसती लुकलुकली, आणि पीसी गेला. सासूबाई हातात लाटणं घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी पण बघितलं. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी मेली म्हणून कुणीतरी पीसी थेट बोर्डाला लावलेला आणि यूपीएसवर फुलदाणी.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला आतून वीज पुरवणारा डबा, खोलला तर आउटपुटकडचे दोन कपॅसिटर फुगलेले, डोक्यावर तपकिरी चिकट. चांगला एसएमपीएस असा क्षणभराचा झोल सहज पचवतो, तेवढा साठा त्याच्या कपॅसिटरमध्ये असतो. हा कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, तोही म्हातारा झालेला. कराडातनं बरा एसएमपीएस आणला आणि यूपीएसला नवी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी टाकली. दोन्ही मिळून चारेक हजार. त्यानंतर ४१ आला नाही. विंडोज तेच, साडूंनीच टाकलेलं.

आणि आता ऐका. पुढं एका लग्नात पंगतीला साडू शेजारच्याला सांगत होते की जुन्या व्हर्जनमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा बग होता, मी लेटेस्ट बिल्ड टाकली आणि प्रॉब्लेम सुटला. सासूबाईंनी डोळ्यांनी बघितलंय, पण मोठ्या जावयासमोर त्या कशाला बोलतील. असो.

तुमचं. पहिलं काम, सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढा. ती असते म्हणून निळी स्क्रीन वाचायच्या आत गायब होते आणि माणसाला वाटतं आपोआप रीस्टार्ट झालं. मग ४१ चे बगचेक कोड बघा. शून्य असतील तर करंट, एसएमपीएस, यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड या बाजूला शोधा. आकडा असेल तर आधी रॅम आणि डिस्क. रॅमला विंडोजमधलंच मेमरी डायग्नोस्टिक चालतं, स्टिक काढून खोडरबरने कॉन्टॅक्ट घासून परत बसवा, हसू नका, कधीकधी एवढ्यावर भागतं. डिस्कसाठी क्रिस्टल डिस्क इन्फो फुकट आहे, त्यात रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरपुढं (म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांपुढं) पिवळी खूण दिसली तर सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडं कॉपी करा. क्विक फॉरमॅट खराब सेक्टर तपासत नाही, त्यामुळं तुमचे दोन फॉरमॅट या बाबतीत पाण्यात गेले.

सगळं हार्डवेअरच असतं असं म्हणत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अपडेटने जगभरात अंदाजे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या, विमानं अडकली, तेव्हा दोष पूर्ण सॉफ्टवेअरचा होता. पण तिथंही उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवणं. फॉरमॅट नव्हे! ड्रायव्हर अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर तो ड्रायव्हर मागं घ्या. रिलायबिलिटी हिस्टरी सर्च करून उघडा, कुठल्या तारखेला काय इन्स्टॉल झालं आणि कधीपासून पडायला लागलं ते एका खाली एक दिसतं.

थोडं राहिलं. बगचेक शून्य म्हणजे शंभर टक्के करंटच असं नाही, प्रोसेसर तापून मशीन बंद पडली, किंवा हँग झाली म्हणून तुम्ही बटण दाबून धरलं, तरी शून्यच येतो. पंख्यातली धूळ बघा. आणि एसएमपीएस मी खोलला म्हणून तुम्ही खोलू नका, आतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास धरून बसलेला असतो, प्लग काढला तरी. ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघा, तेवढ्याने कळतं.

विंडोज ११ चं म्हणाल तर मशीन स्थिर झाल्यावर टाकाच, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलची साधारण आठवी जनरेशन किंवा पुढचा प्रोसेसर, तुमचा कुठला ते तुम्ही लिहिलंच नाही. तेही लिहा, आणि निळ्या स्क्रीनवर खाली स्टॉप कोड म्हणून जे इंग्रजी शब्द येतात ते जसेच्या तसे टाका. नुसतं "काहीतरी एरर येतो" म्हणून चालणार नाही.