लेबलावरची तीन अक्षरं : जुन्या कार्ट्रिजेसबद्दल तुमचे प्रश्न

या अंकासाठी आलेली पत्रं जवळपास सगळी एकाच गोष्टीची आहेत : व्हिडिओ गेम ओळखीचा, पण प्रत एखाद्याच देशात विकलेली. अशा प्रतीचं मोल बहुतेक वेळा लेबलावरच्या दोन-तीन अक्षरांत असतं, आणि लेबल तर कुणीही छापू शकतं. म्हणून उत्तरांमध्ये कार्ट्रिज (यंत्रात घालायची खेळाची डबी) उघडून आत पाहण्यावर आम्ही पुन्हा पुन्हा येणार आहोत.

प्रश्न : निन्टेंडोच्या जुन्या एनईएस यंत्रावरच्या ‘मिस्टर गिमिक’ची कार्ट्रिज घ्यायची आहे. कोडच्या शेवटी ‘एससीएन’ आहे. विक्रेत्याने पुढून-मागून फोटो पाठवले, पण उघडून दाखवायला तो तयार नाही. म्हणतो, उघडली की किंमत पडते. रक्कम मोठी आहे. काय करावं?

उत्तर : आतले फोटो आल्याशिवाय पैसे देऊ नका. उघडल्याने किंमत पडते हे खरं नाही. एनईएसच्या या काळातल्या कार्ट्रिजला पाठीमागे तीन स्क्रू असतात आणि ते ३.८ मिलिमीटरच्या गेमबिटने (अशा स्क्रूंसाठीच्या खास पेचकसाच्या टोकाने) एकही ओरखडा न उठवता निघतात. खुणा राहतात त्या पक्कड घालून किंवा पेनाची नळी वितळवून स्क्रू फिरवला तर. काही कन्सोलसाठी, म्हणजे खेळाच्या यंत्रांसाठी, ४.५ मिलिमीटरचा बिट असतो, तो इथे चालत नाही.

आता या खेळाविषयी. सनसॉफ्ट या कंपनीने तो १९९२ मध्ये जपानात फॅमिकॉमवर (एनईएसचं जपानी रूप) आणला. युरोपात तो १९९३ मध्ये निघाला, तोही फक्त स्कँडिनेव्हियात, आणि ‘एससीएन’चा अर्थ तोच. अमेरिकेत एनईएसवर तो आलाच नाही. एवढी मर्यादित विक्री असल्यावर नकला होणारच.

फोटोत चार गोष्टी पाहा. पहिली म्हणजे मॅपर चिप, खेळाच्या माहितीचे भाग यंत्राला गरजेप्रमाणे जोडून देणारी. या खेळात सनसॉफ्टची एफएमई-७ असते. ती नसेल तर पुढचं काही तपासायची गरज नाही. ती आहे म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, कारण अमेरिकेत विकलेल्या ‘बॅटमॅन : रिटर्न ऑफ द जोकर’मध्येही हीच चिप आहे आणि नकली प्रत बनवणारे तोच बोर्ड वापरू शकतात.

तिथे दुसरी खूण कामी येते : लॉकआउट चिप, म्हणजे दुसऱ्या प्रदेशातली कार्ट्रिज यंत्रात चालू न देणारी चिप. स्कँडिनेव्हियासह युरोपच्या बऱ्याच भागात चालणाऱ्या कार्ट्रिजमध्ये ३१९५ हा आकडा असलेली चिप असते. ब्रिटन, इटली आणि ऑस्ट्रेलियासाठी ३१९७. अमेरिकी कार्ट्रिजमध्ये ६११३ किंवा ३१९३. लेबलावर ‘एससीएन’ आणि बोर्डावर ६११३ असेल, तर बोर्ड अमेरिकेतला आहे. या छोट्या चिपकडे नकलाकाराचं सहसा लक्ष नसतं, म्हणून तिचा जवळून घेतलेला, आकडा वाचता येईल असा फोटो मागा.

तिसरी गोष्ट रॉम चिप्स, ज्यांत खेळ साठवलेला असतो. कारखान्यातून आलेल्या मास्क रॉमवर छापील मजकूर असतो. वर काचेची खिडकी असलेली, किंवा खिडकीवर कागद चिकटवलेली चिप म्हणजे ईप्रॉम, पुसून पुन्हा लिहिता येणारी, ती नंतर बसवलेली. मास्क रॉमवर बहुधा चार आकडी तारीख सापडते : ९३०८ म्हणजे १९९३ चा आठवा आठवडा. ही तारीख खेळ बाजारात येण्याच्या थोडी आधीची हवी.

चौथी, बोर्डाच्या मागचं सोल्डरिंग. कारखान्यातलं सोल्डर सगळ्या पिनांवर सारखं असतं. फक्त रॉमच्या दोन ओळी चकचकीत, फुगलेल्या, आजूबाजूला तपकिरी फ्लक्स (सोल्डर करताना वापरायचा चिकट पदार्थ) दिसला, तर चिप काढून दुसरी लावली आहे.

सगळं जुळलं की मग लेबल. दहापट भिंगाखाली अस्सल ऑफसेट छपाईत रंगांच्या ठिपक्यांची नीट जाळी दिसते, आणि काळी अक्षरं भरीव, कडा तीक्ष्ण. घरगुती प्रिंटरच्या लेबलात अक्षरांच्या कडा फिसकटतात आणि काळ्यातही रंगीत ठिपके मिसळलेले दिसतात. अतिनील टॉर्चखाली निळसर पांढरा झगमगणारा कागद संशयास्पद असतो, पण शेजारी त्याच काळातलं खात्रीचं लेबल ठेवूनच निष्कर्ष काढा. काही जुने कागदही चमकतात.

एक भर : कार्ट्रिज हाती आल्यावर संगीत जपानी प्रतीपेक्षा पातळ वाटलं तर घाबरू नका. जपानी कार्ट्रिजमध्ये जादा तीन ध्वनिवाहिन्या देणारी चिप आहे. फॅमिकॉम कार्ट्रिजमधून आलेला आवाज आपल्या आवाजात मिसळतो, एनईएस तसा मिसळत नाही. म्हणून युरोपीय प्रत त्या वाहिन्यांशिवाय काढली गेली.

प्रश्न : ‘स्टेडियम इव्हेंट्स’ची एक प्रत प्रचंड किमतीला, दुसरी तिच्या मानाने फारच स्वस्त दिसते. दोन्ही एनईएसच्या, दोन्हींवर चित्र तेच. स्वस्त प्रत नकली समजायची का?

उत्तर : नाही, ती बहुधा युरोपीय आहे. बांडाईने हा खेळ पायाने खेळायच्या ‘फॅमिली फन फिटनेस’ चटईसोबत १९८७ मध्ये अमेरिकेत आणला. निन्टेंडोने चटईचे हक्क घेऊन ती ‘पॉवर पॅड’ नावाने विकली आणि खेळ ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ म्हणून पुन्हा काढला. त्यामुळे मूळ नावाच्या अमेरिकी प्रती फार थोड्या सुटल्या. युरोपात खेळ बांडाईच्याच नावाने विकला गेला, त्या प्रती बऱ्याच आहेत.

धोका उलट दिशेने आहे : युरोपीय कार्ट्रिजवर अमेरिकी लेबल लावून ती महागात विकणं. न उघडता पडताळायचा एक सोपा मार्ग आहे. लॉकआउट शाबूत असलेल्या अमेरिकी एनईएसमध्ये युरोपीय कार्ट्रिज घातली, तर पॉवरचा दिवा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकत राहतो आणि पडदा पुन्हा पुन्हा कोरा होतो. मात्र काही कन्सोलमध्ये लॉकआउट चिपची चौथी पिन कापून तो बंद केलेला असतो. अशा यंत्रात काहीही चालतं, म्हणून आधी माहीत असलेली एखादी युरोपीय कार्ट्रिज घालून यंत्राची परीक्षा घ्या. घाणेरड्या पिनांमुळेही दिवा लुकलुकतो, तेव्हा साफ केल्याशिवाय निकाल देऊ नका.

प्रश्न : ब्राझीलमधल्या मास्टर सिस्टिमच्या (सेगा कंपनीचं यंत्र) कार्ट्रिजेस चोरट्या बनावटीच्या असतात, असं ऐकलं. घ्याव्यात का?

उत्तर : जरूर घ्याव्यात. टेकटॉय ही सेगाची ब्राझीलमधली अधिकृत परवानाधारक कंपनी. तिने मास्टर सिस्टिम तिथे १९८९ मध्ये आणली आणि इतर देशांत ती बंद पडल्यावरही खेळ काढत राहिली. ‘स्ट्रीट फायटर २’ची मास्टर सिस्टिमवरची आवृत्ती १९९७ मध्ये फक्त ब्राझीलमध्ये निघाली. १९९१ चा ‘मोनिका नो कास्तेलो दो द्रागाओ’ म्हणजे ‘वंडर बॉय इन मॉन्स्टर लँड’, त्यात मौरिसियो दि सौझांच्या चित्रकथेतली पात्रं बसवलेली. हे बदल अधिकृत आहेत, आणि आमच्या मते प्रादेशिक आवृत्त्यांमध्ये सर्वात मजेशीर हाच कप्पा आहे.

ब्राझीलचं टीव्ही तंत्र पाल-एम. रंग युरोपातल्या पाल तंत्रासारखे, पण सेकंदाला ६० चित्रं, त्यामुळे खेळ पूर्ण वेगात चालतात. युरोपच्या ५० हर्ट्झवर वेग न सुधारलेला खेळ साधारण सहाव्या हिश्शाने मंदावतो. कोरियातल्या प्रतीही अशाच अधिकृत : तिथे सेगाची यंत्रं सॅमसंगने आणि निन्टेंडोची ह्युंदाईने ‘कॉमबॉय’ नावाने विकली. अनोळखी नाव दिसलं म्हणून प्रत बाजूला टाकू नका.

प्रश्न : सुपर फॅमिकॉम (एनईएसनंतरच्या एसएनईएस यंत्राचं जपानी रूप) घेतला, अ‍ॅडॉप्टर मिळाला नाही. घरी युरोपीय एसएनईएसचा आहे, जॅकमध्ये नीट बसतो. लावू का?

उत्तर : लावू नका. तो ९ व्होल्ट एसी देतो, सुपर फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो. फॅमिकॉमचंही तेच. आतला फ्यूज उडाला तर सुटलात, नाहीतर पुढचे भाग जातात. जपानी मूळ अ‍ॅडॉप्टर थेट २३० व्होल्टला लावला तर तोही जळतो, कारण तो १०० व्होल्टसाठी बनवलेला आहे. ९ किंवा १० व्होल्ट डीसी, किमान ८५० मिलिअँपिअर आणि मधली पिन ऋण असा नवा अ‍ॅडॉप्टर घ्या. आजकालच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरवर मधली पिन धन असते, म्हणून त्यावरची गोलाची आकृती पाहा आणि लावण्यापूर्वी मल्टिमीटरने खात्री करा.

प्रश्न : ‘सुपर मारिओ आरपीजी’ची जपानी कार्ट्रिज घेतली. युरोपीय एसएनईएसवर कन्व्हर्टरमधून (दुसऱ्या प्रदेशातली कार्ट्रिज बसवायचा जोड) इतर जपानी खेळ चालतात, हाच चालत नाही. कार्ट्रिज खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. एसएनईएसच्या खाचेत ६२ पिना असतात, साध्या खेळांना मधल्या ४६ पुरतात. ‘सुपर मारिओ आरपीजी’मध्ये एसए-१ हा जादा प्रोसेसर आहे आणि त्याला बाजूच्या पिना लागतात. जुन्या कन्व्हर्टरमध्ये त्या जोडलेल्याच नसतात. शिवाय असे कन्व्हर्टर लॉकआउटसाठी दुसऱ्या, स्थानिक कार्ट्रिजवर अवलंबून असतात. एसए-१ मध्ये लॉकआउट त्याच चिपमध्ये असल्याने ही युक्ती फसते. तुमच्या कार्ट्रिजच्या कडेला दोन्ही टोकांना छोटे सुटे संपर्क दिसतील, तीच खूण.

सुपर फॅमिकॉम किंवा अमेरिकी यंत्र वापरणं हाच सरळ उपाय. या दोघांची लॉकआउट चिप एकच आहे. अमेरिकी यंत्राच्या खाचेतली प्लॅस्टिकची दोन टोकं तेवढी जपानी कार्ट्रिजला अडवतात. ती कापायची असतील तर यंत्राची कापा. कार्ट्रिजच्या खोळीला कानस लावू नका.

प्रश्न : जुन्या कार्ट्रिजमधली, खेळातली प्रगती जपून ठेवणारी बॅटरी बदलावी की मूळ प्रत म्हणून तशीच ठेवावी? आणि पिना कशाने पुसाव्यात?

उत्तर : आमचं मत स्पष्ट आहे : बदला. गळलेल्या बॅटरीने बोर्डाचे तांब्याचे मार्ग खाल्ले की ते नुकसान भरून येत नाही. बॅटरी बदलल्याने प्रतीची अस्सलता जात नाही, विकताना ती बदलल्याचं सांगितलं म्हणजे झालं.

मल्टिमीटरने मोजा. नवी बॅटरी ३ व्होल्टच्या आसपास दाखवते. २.५ च्या खाली गेली की लगेच बदला, २ च्या खाली साठवलेला खेळ बहुधा पुसला जातो. एनईएस आणि एसएनईएसमध्ये बहुतेक सीआर२०३२, गेम बॉयमध्ये सीआर२०२५ किंवा सीआर१६१६ असते. आत जी आहे तीच घ्या, आणि पट्ट्या आधीच जोडलेली घ्या. साध्या नाण्यासारख्या बॅटरीला थेट सोल्डर लावला तर ती तापून फुटू शकते.

साठवलेला खेळ हवा असेल तर आधी कार्ट्रिज रीडरने संगणकावर उतरवा. यंत्र चालू ठेवून बॅटरी बदलायची युक्ती काही जण सांगतात. त्यात सोल्डरिंग आयर्नचं टोक चुकीच्या जागी टेकलं की चिप जाते, तिच्या नादी लागू नका. बोर्डावरच्या धन-ऋण खुणांचा फोटो काढून ठेवा. सोल्डरिंग आयर्न ३५० अंश सेल्सिअसवर, एका टोकाला दोन-तीन सेकंद. सोल्डर वितळत नसेल तर वेळ वाढवण्याऐवजी थोडा ताजा सोल्डर घाला, जुना त्यात लगेच मिसळतो. पट्टी ओढून काढली तर बोर्डावरची चकती उपटून येते, हा प्रकार सर्वात जास्त घडतो. बॅटरीचा होल्डर बसवायचा मोह टाळा, गेम बॉयची खोळ मग बंद होत नाही.

पिनांसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसा, काडी काळी झाली की नवी घ्या, पांढरी निघेपर्यंत. मग दहा मिनिटं वाळू द्या. खोडरबर, सँडपेपर आणि धातूचं पॉलिश सोन्याचा पातळ मुलामा खरवडून काढतात आणि खालचं तांबं नंतर लवकर काळं पडतं. फुंकर मारल्याने आत ओल जाते आणि पिना गंजतात. अल्कोहोल लेबलापासून लांब ठेवा, काही लेबलांची शाई त्याने लगेच सुटते.