आठ महिने नोकरी शोधतोय, मिळत नाही. उमेद कशी टिकवायची?

रात्री झोपायच्या आधी सहज प्रश्न चाळत होते. तुम्ही लिहिलंय की एम.कॉम. होऊन आठ महिने झाले, रोज अर्ज करताय, आता सकाळी लॅपटॉप उघडायचीही इच्छा होत नाही आणि घरचे म्हणतात, "जरा मन लावून शोध." या शेवटच्या वाक्यावर माझी झोप उडाली. २००८-०९ मध्ये बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या घरात हे वाक्य रोज संध्याकाळी ऐकू यायचं. म्हणणारा माझा दादा, आणि ऐकणारी मी.

आठ महिन्यांनी उमेद कुणाचीच टिकत नाही. ज्यांची टिकते असं ते सांगतात, त्यांच्याकडे दुसरं काहीतरी चालू असतं. तुमच्याकडेही काहीतरी चालू असायला हवं, रोज, ठरलेल्या वेळेला, घराबाहेर. माझं उत्तर एवढंच आहे. ते मला कसं कळलं हे सांगायला मात्र वेळ लागेल.

मी २००८ च्या मे महिन्यात एम.एस. युनिव्हर्सिटीतून एम.एस्सी. झाले, ॲनालिटिकल केमिस्ट्री. बडोद्याच्या आसपास केमिकलवाल्याला काम मिळत नाही असं तोवर कुणी म्हणत नसे. नंदेसरी आहे, पादऱ्याची बाजू आहे, सावली-हालोल आहे. सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, आणि दिवाळीपर्यंत इथल्या ज्या कंपन्यांचा माल बाहेर जायचा त्यांचे फोन बंद झाले. "अभी हायरिंग होल्ड पे है" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की समोरच्याने श्वास घेतला की कळायचं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, इंजिनिअर, पहिल्याच वर्षी लागलेला. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरमागच्या कोऱ्या पानावर मला टाइमटेबल आखून दिलं. ९ ते ११ अर्ज, ११ ते १ टेक्निकल वाचन, ३ ते ५ फोन. रोज दहा अर्ज झालेच पाहिजेत. बुधवारच्या पेपरातल्या जाहिराती कापून तो स्वतः वहीत चिकटवायचा. सायबर कॅफेचे पैसे तोच द्यायचा. त्याची माया खोटी नव्हती, हे मी आजही म्हणते. पण ऑफिसातून आल्यावर बूट काढता काढता तो विचारायचा, "किती झाले?" आणि मी आकडा सांगायचे. नोव्हेंबरात आकडा खरा होता. जानेवारीत मी खोटा सांगायला लागले.

काय होत होतं ते सांगते, कारण तुमचंही तेच होत असणार. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जायची मला लहानपणापासून सवय. सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी. आतल्या लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, लहानपणी बाबा ती दाखवायला न्यायचे. शिकत असताना मला पुस्तक वाचायला वेळ मिळत नसे, म्हणून जीव तुटायचा. आता दिवसच्या दिवस मोकळे होते. मी क्रोमॅटोग्राफीची दोन पुस्तकं आणली, पंधरा दिवस उशाशी ठेवली आणि पहिलं प्रकरणही न संपवता परत केली. पुन्हा आणली, पुन्हा परत. घरापासून मांडवी चालत पंधरा मिनिटं. मला पाऊण तास लागायला लागला. सुरसागरच्या कठड्याला टेकून मधल्या शंकराच्या मूर्तीकडे बघत उभी राहायचे, डोक्यात काही नसायचं. पुढे घाईने जाऊन करायचं काय होतं?

पुष्कळ वर्षांनी एक अभ्यास वाचनात आला आणि अंगावर काटा आला. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं एक गाव होतं, सगळं गाव एकाच कापड गिरणीवर जगणारं. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली. मारी याहोडा आणि तिचे सहकारी त्या गावात अभ्यासाला गेले. त्यांना दिसलं की लोकांकडे वेळच वेळ असूनही गावच्या लायब्ररीतून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं, आणि तेही पुस्तकांची फी काढून टाकलेली असताना. रस्त्यावर माणसं कशी चालतात तेही त्यांनी घड्याळ लावून मोजलं. पुरुष हळू चालत, मध्येच थांबत. बायका तुलनेने झपझप जात, कारण गिरणी बंद झाली तरी त्यांची चूल, धुणं, मुलं काही बंद झालं नव्हतं.

सुरसागरच्या कठड्याला टेकलेली मी त्यात होते. नकारांनी मी मोडले असं सगळे समजत होते. मला मोडलं मोकळ्या दिवसाने. नकार आठवड्यातून दोन यायचे, मोकळा दिवस रोज यायचा.

उत्तरायण झालं आणि हळदीकुंकवाला आईबरोबर जावं लागलं. "काय गं, लागलीस का कुठे?" हे तिळगुळाबरोबर चार घरी झालं. पाचव्या घरी एका काकूंनी वेगळं काही सांगितलं. त्यांच्या यजमानांच्या कारखान्याचं सांडपाणी तपासायला मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका लहानशा लॅबमध्ये जायचं, आणि तिथला मुलगा सोडून गेला होता. पगार २,००० रुपये.

त्या रात्री घरात जे झालं ते अजून संपलेलं नाही, म्हणून मी हे लिहितेय. दादा म्हणाला, "दोन हजारात एम.एस्सी. विकतेस? तिथे बाटल्या धुशील. एकदा अडकलीस की शोध संपला. नोकरी शोधणं हीच फुलटाइम नोकरी असते." बाबा पेपर वाचत राहिले. आई म्हणाली, "जाऊ दे रे तिला, घरातून बाहेर तर पडेल." मी दुसऱ्या दिवशी साडेनऊला मकरपुऱ्यात होते.

बाटल्या धुतल्या, खरंच. पहिला आठवडा तेवढंच. मग सीओडी हातात आलं, म्हणजे सांडपाण्यात किती घाण आहे ते मोजायची चाचणी. सांडपाण्याचं सॅम्पल फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात मर्क्युरिक सल्फेट, मग पोटॅशियम डायक्रोमेट, मग सिल्व्हर सल्फेट घातलेलं सल्फ्युरिक ॲसिड, अगदी सावकाश, फ्लास्क हलवत. दोन तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ बाहेर न जाऊ देता उकळत ठेवायचं. गार झालं की फेरॉइनचे, म्हणजे रंग बदलून दाखवणाऱ्या द्रावणाचे, दोन-तीन थेंब टाकून ब्युरेट सोडायचा. निळसर हिरवा रंग बराच वेळ तसाच राहतो आणि एका थेंबात तांबूस तपकिरी होतो. तो एक थेंब चुकला की पहिल्यापासून. सुरुवातीला माझे एकाच सॅम्पलचे दोन आकडे जुळत नसत. लॅबचे मालक भाई ओरडत नसत. रजिस्टरमधल्या दोन आकड्यांवर पेन टेकवून म्हणत, "फरीथी करो, बेन." परत करायला सकाळचा अर्धा दिवस जायचा, आणि गंमत बघा, त्या अर्ध्या दिवसात मला नोकरी नाही हे आठवायचं नाही. कारखान्याचा माणूस संध्याकाळी रिपोर्ट न्यायला यायचा. माझ्या आकड्याची वाट बघणारं जगात कुणीतरी होतं.

अर्ज दिवसाला दहावरून आठवड्याला तीनवर आले. पण त्या तिन्ही कंपन्या काय बनवतात हे मला माहीत असायचं. कारण भाईंकडे येणारे सुपरवायझर चहा पिताना सगळं बोलायचे: कुठे नवा प्लांट उभा राहतोय, कुठला केमिस्ट सोडून चाललाय. ही माहिती बुधवारच्या पेपरात येत नाही.

जुलैत नंदेसरीच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. नोव्हेंबरात अशाच एका ठिकाणी मला विचारलं होतं, पाण्यात क्लोराइड असेल तर सीओडी चुकतो, काय कराल? मी पुस्तकातलं एक वाक्य म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाला गप्प झाले. या वेळी तोच प्रश्न आला. मी म्हटलं, मर्क्युरिक सल्फेट आधी घालते, २० मिलीला ०.४ ग्रॅम, तेवढं लिटरमागे २,००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंत पुरतं. त्याहून खारं असेल तर आधी पाणी पातळ करून घेते. त्यांनी विचारलं, "खारं आहे हे कसं कळतं?" मी म्हटलं, कुठल्या कारखान्याचं आहे ते बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि शंका असेल तर क्लोराइड किती आहे ते आधी मोजून घेते. ते हसले. १ ऑगस्टला मी कामावर रुजू झाले, ७,५०० रुपये. अजून याच धंद्यात आहे, आता माझ्या हाताखाली क्वालिटी कंट्रोलची नऊ माणसं आहेत.

दादाचं म्हणणं आजही असं की मंदी ओसरली म्हणून नोकरी मिळाली, लॅबचा काही संबंध नाही, उलट सहा महिने वाया गेले. मंदी ओसरली हे खरं आहे. पण तो प्रश्न नोव्हेंबरातही तोच होता आणि जुलैतही तोच. मुलगी बदलली होती.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही एम.कॉम. आहात, म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा सोपं आहे. गल्लोगल्ली सीए आणि टॅक्स कन्सल्टंट बसलेत. त्यांचा महिना कसा असतो बघा: ७ तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा जीएसटी रिटर्न), १४ ला २-बी (सप्लायरनी चढवलेल्या बिलांची यादी) आला की खरेदीची बिलं त्याच्याशी जुळवायची, २० ला ३-बी (महिन्याचा जीएसटी भरायचा रिटर्न). या तारखांच्या आदल्या दिवशी प्रत्येक ऑफिसात माणूस कमी पडतो. पाच तारखेला जाऊन उभे राहा, बायोडेटा पुढे करू नका, "२० तारखेपर्यंत अर्धा दिवस येतो, बिलं जुळवून देतो" एवढंच बोला. दहा ठिकाणी नाही म्हणतील, अकराव्या ठिकाणी खुर्ची देतील. मग इंटरव्ह्यूमध्ये इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) का अडकतं हे विचारलं की तुम्हाला त्या व्यापाऱ्याचा चेहरा आठवेल ज्याच्या सप्लायरने बिलच अपलोड केलं नव्हतं.

सकाळी पाचला उठा, आरशासमोर उभे राहून स्वतःला शाबासकी द्या, असले व्हिडिओ बघू नका. ते बघून दुपारपर्यंत बरं वाटतं आणि संध्याकाळी अधिक वाईट. घरच्यांना सांगून टाका की आकडा रोज विचारायचा नाही, रविवारी सकाळी एकदा तुम्हीच सांगाल. हे मी तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, खोटं तरी बोलावं लागलं नसतं.

काही गोष्टी राहिल्या. बाबांना पेन्शन होती, डोक्यावर कर्ज नव्हतं, म्हणून मला २,००० वर जाता आलं. तुमच्या घरी हप्ता चालू असेल तर विषयाचा हट्ट धरू नका, आधी पैसे देणारं काम धरा. फुकट मात्र महिन्याभरापलीकडे कुणाकडे राबू नका. मूळ सर्टिफिकेटं कुणाकडे ठेवू नका. नोकरी लावून देतो म्हणून आधी फी मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका, माझ्या मैत्रिणीचे पैसे असेच गेलेत. ॲप्रेंटिसशिपला नाक मुरडू नका, २०१४ च्या दुरुस्तीनंतर ती इंजिनिअरिंगबाहेरच्या पदवीधरांनाही मिळते. आणि लॅपटॉप उघडायची इच्छा नसणं वेगळं, जगायचीच इच्छा नसणं वेगळं. दुसरं असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि आत्ता १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

हे इतकं लांबलं याचं खरं कारण वेगळं आहे. दादाचा मुलगा गेल्या वर्षी बी.एस्सी. झाला. तो घरी बसून आहे. टाइमटेबल आता मोबाइलमध्ये असतं आणि अर्ज एका बोटाने जातात, म्हणून दिवसाला दहाऐवजी पन्नास. दादा आजही संध्याकाळी बूट काढता काढता विचारतो, "किती झाले?" परवा मी गेले होते तेव्हा पोरगा आकडा सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. मला लगेच कळलं.

मकरपुऱ्याच्या भाईंची लॅब आता त्यांची मुलगी चालवते. तिच्याशी बोलले आहे. सोमवारी साडेनऊला मी भाच्याला घेऊन जाणार आहे. त्याने हो म्हटलंय. दादाला अजून सांगायचंय.