चार पंढरपुरी म्हशी असताना राष्ट्रीय पुरस्काराला अर्ज करता येतो का? प्रशिक्षण कुठे मिळेल?

हो, नक्की करा. केंद्राचा राष्ट्रीय गोपाल रत्न पुरस्कार 2021 पासून दिला जातो आणि त्यातला एक गट देशी जातीच्या गायी-म्हशी पाळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आहे. पंढरपुरी ही नोंदणीकृत जात, त्यामुळे तुमच्या म्हशी त्यात बसतात. जर्सी किंवा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) या विदेशी जातींचा संकर बसत नाही. पहिलं बक्षीस 5 लाखांचं, दुसरं 3, तिसरं 2. अर्ज सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. अर्ज साधारण पावसाळ्यात सुरू होतात आणि पुरस्कार 26 नोव्हेंबरला, म्हणजे डॉ. वर्गीस कुरियन यांच्या जयंतीला, राष्ट्रीय दुग्ध दिनाच्या सुमारास दिले जातात.

माझं आग्रहाचं सांगणं एकच: नोंदी आजपासून ठेवा. रोजचं दूध, रेतनाची तारीख, वेत, लसीकरण, कानातला बिल्ला क्रमांक, सगळं एका वहीत. चांगली जनावरं असूनही कागद नसल्यामुळे माणसं मागे राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. बक्षीस मिळो न मिळो, कोणती म्हैस परवडते हे त्या वहीतूनच कळतं.

प्रशिक्षणासाठी आधी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन वर्षाचं वेळापत्रक विचारा. मुरघास (हवाबंद आंबवून साठवलेला हिरवा चारा) आणि कासदाह (कासेची सूज) यांवरचे वर्ग सोडू नका. पुण्याजवळच्या उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेकडेही चौकशी करा.

जत्रा-प्रदर्शनांत जानेवारीतलं बारामतीचं ‘कृषिक’ हे कृषी प्रदर्शन बघा. मार्गशीर्षात नांदेडमधल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत पशुप्रदर्शन असतं, तिथे मराठवाड्यातली लाल कंधारी आणि देवणी जनावरं डोळे भरून पाहता येतात.