वर्गात आफ्रिकेतून आलेले विद्यार्थी असतील तेव्हा

चि. मुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्यातल्या महाविद्यालयात लेखाशास्त्र शिकवायला तू रुजू झालीस आणि पहिल्याच वर्षी टांझानिया, केनिया, इथिओपिया व काँगो इथून आलेली मुले तुझ्या बी.कॉम.च्या वर्गात बसली, हे वाचून फार आनंद झाला. ही मुले कष्टाळू आहेत, तरी चाचणीत मागे पडतात, त्यांच्यासाठी जादा तास घ्यावेत का, असे तू विचारले आहेस. जादा तास जरूर घे. पण त्याआधी त्यांचे नेमके कुठे अडते ते पाहा, कारण माझ्या अनुभवात ते लेखाशास्त्रापाशी क्वचितच अडते. आपण फळ्यावर जे शिकवतो त्यात लेखाशास्त्राचे तत्त्व किती आणि भारतातला कायदा व रिवाज किती, हे आपण सहसा वेगळे करून सांगत नाही. इथल्या मुलांना दोन्ही लागणारच असते, म्हणून त्यांचे बिघडत नाही. पण जो मुलगा तीन वर्षांनी टांझानियात, दार-एस-सलामला परतणार आहे, त्याला यातले काय सोबत न्यायचे आणि काय परीक्षेपुरते ठेवायचे हे कोणीतरी सांगावे लागते.

त्यांच्या वह्या एकदा सावकाश चाळ. तू फळ्यावर 12,50,000 लिहितेस. केनियाच्या मुलाने तीच रक्कम 1,250,000 अशी उतरवलेली दिसेल आणि शेजारी पेन्सिलीने केलेली खाडाखोडही दिसेल. लाखा-कोटीने रक्कम लिहिण्याची पद्धत त्याच्याकडे नाही. तू ‘साडेबारा लाख’ म्हणतेस, तो मनात त्याचे दशलक्षात रूपांतर करतो, आणि तेवढ्यात तू घसाऱ्यापर्यंत पोहोचलेली असतेस. पहिले काही आठवडे रक्कम दोन्ही पद्धतींनी लिही, आणि उत्तरपत्रिकेत स्वल्पविराम कुठे दिला आहे यावरून कोणाचाही गुण कापू नकोस. तारखांचेही तसेच आहे. आपली सगळी उदाहरणे 31 मार्चला संपतात. केनियात आणि टांझानियात बहुतेक व्यापारी 31 डिसेंबरला हिशेब बंद करतात, तर इथिओपियाचे सरकारी आर्थिक वर्ष त्यांच्या हामले महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आपल्या 8 जुलैला, सुरू होते. येणे भाडे आणि आगाऊ भरलेला विमा यांच्या समायोजन नोंदी, म्हणजे उत्पन्न-खर्च ज्या त्या वर्षात बसवणाऱ्या वर्षअखेरच्या नोंदी, शिकवताना एक गणित डिसेंबरअखेरचे दे. इथल्या मुलांचाही त्यात फायदा आहे. मार्च महिना पाठ करून सोडवलेले समायोजन हे समजलेले समायोजन नव्हे.

आता मुख्य गोष्ट. या मुलांना केवळ घेणाऱ्यांच्या रांगेत बसवू नकोस, कारण व्यवहाराच्या काही बाबतींत त्यांनी आपल्या आधी बरेच पाहिले आहे. केनियात एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा, 2007 मध्ये सुरू झाले, आपले यूपीआय 2016 मध्ये आले, आणि दोहोंची रचनाही निराळी आहे. यूपीआयमध्ये पैसे एका बँक खात्यातून दुसऱ्या बँक खात्यात जातात. एम-पेसा मात्र ज्यांचे बँकेत खातेच नव्हते अशा माणसांपर्यंत कोपऱ्यावरच्या एजंटामार्फत पोहोचले. त्या एजंटाचा जमाखर्च वर्गात मांडून बघ. समज, त्याचे एकूण भांडवल 100,000 शिलिंग आहे: 60,000 गल्ल्यात रोख आणि 40,000 फोनवरच्या फ्लोट खात्यात, म्हणजे एम-पेसातल्या त्याच्या शिलकीत. एक बाई येऊन 5,000 शिलिंग रोख भरते, आणि एजंट तेवढीच रक्कम आपल्या फ्लोटमधून तिच्या एम-पेसा खात्यात टाकतो. गल्ल्यात 65,000 होतात, फ्लोट 35,000 वर येतो. रोख खाते नावे, फ्लोट खाते जमा, आणि ताळेबंदाची बेरीज जागच्या जागी राहते. त्याचे उत्पन्न म्हणजे फक्त कंपनीकडून मिळणारे कमिशन. माझ्या वर्गात हे गणित घातले तेव्हा इथली बरीच मुले ते 5,000 शिलिंग बिनदिक्कत विक्रीत धरत, आणि नैरोबीची मुलगी, जिच्या घरचेच असे दुकान होते, ती उभी राहून त्यांना समजावून सांगत असे की दिवसाअखेर गल्ला भरलेला आणि फ्लोट संपलेला असेल तर एजंट पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे भरून घेऊच शकत नाही, मग त्याच्याकडे कितीही रोकड असो. खेळत्या भांडवलाचा इतका स्पष्ट धडा मला आपल्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडला नाही.

काँगोच्या मुलाची अडचण मात्र वेगळी आहे. तो फ्रेंच वळणाच्या लेखापद्धतीतून आला आहे. मुख्यतः पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या 17 देशांनी ओहाडा या, व्यापारी कायदे एकसारखे करणाऱ्या करारान्वये एकच लेखाप्रणाली स्वीकारली आहे आणि तिच्यात प्रत्येक खात्याला ठरावीक क्रमांक असतो: 401 म्हणजे पुरवठादार, 411 म्हणजे ग्राहक, 601 म्हणजे मालाची खरेदी, 701 म्हणजे मालाची विक्री. खात्याला हवे ते नाव देऊन खतावणी उघडण्याची आपली मोकळीक त्याला गोंधळात टाकते, आणि त्यात इंग्रजीही त्याच्यासाठी नवी आहे. त्याला नोंदीशेजारी आपले क्रमांक लिहू दे. तोंडी विचारशील तर उत्तर त्याला येत असते, हे तुझ्या लवकरच लक्षात येईल. आणि वर्ग रंगात आला की आपण नकळत मराठीवर किंवा हिंदीवर घसरतो. नेमका कळीचा मुद्दाच तेव्हा निसटतो, म्हणून तेवढे वाक्य पुन्हा इंग्रजीत सांग.

जीएसटी आणि कंपनी कायद्याची, ताळेबंदाचा नमुना ठरवून देणारी तिसरी अनुसूची त्यांना परीक्षेसाठी शिकावीच लागेल; त्यात सवलत मागू नकोस. पण टांझानियात लेखापाल म्हणून व्यवसाय करायचा तर तिथल्या एनबीएए या लेखापाल मंडळाच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि केनियात कॅस्नेब या परीक्षा मंडळाच्या, हे त्यांना पहिल्याच वर्षी सांग. त्या परीक्षांचा अभ्यासक्रम आपल्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून कोणता भाग जुळतो यावर खुणा करायला लाव. काही विषयांतून सूट मागायची असेल तर गुणपत्रकासोबत विषयवार अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत मागितली जाऊ शकते, आणि मायदेशी गेल्यावर ती पुण्याहून मिळवणे हे फार मनस्तापाचे काम असते. तिसरे वर्ष संपण्याआधी ती प्रत त्यांच्या हातात पडेल असे बघ. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र मनापासून शिकव. पूर्व आफ्रिकेतल्या व्यापाऱ्यांकडेही ते चालते.

वर्गाबाहेरचेही थोडे. यांना घर मिळायला आपल्या मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो. परदेशी भाडेकरूची नोंद करण्याचे काम अंगावर नको, हे कारण घरमालक पुढे करतात. पण तेच घर गोऱ्या विद्यार्थ्याला लगेच मिळते, तेव्हा खरे कारण रंग हेच असते. रस्त्यात त्यांच्या रंगावरून आणि केसांवरून जे बोलले जाते, तेही त्यांना कळते. पहिल्या सत्रात एखादा मुलगा वारंवार गैरहजर राहिला तर हजेरीपटावर शेरा मारण्याआधी, तो राहतो कुठे आणि त्याची परदेशी नागरिक नोंदणी झाली का, एवढे विचार. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना ही नोंदणी 14 दिवसांत करावी लागते, आणि घराचा पत्ता ठरलेला नसेल तर तीही रखडते. अशा वेळी महाविद्यालयाच्या पत्रावर तुझी सही मिळाली तर त्याचे बरेच काम सोपे होते. ती देताना मागेपुढे पाहू नकोस.

पहिल्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका काढशील तेव्हा छापायला देण्याआधी मला पाठव. एजंटाचे गणित तिच्यात घालणार असशील तर कमिशनची नोंद महिनाअखेरच्या येण्यात दाखव, म्हणजे समायोजनही त्यातच तपासून होईल.

तुझा,
सर