कुर्डुवाडी जंक्शन आणि बार्शी लाईट

प्रश्न: आमचं गाव बार्शी. आजोबा सांगायचे की पुण्याला जायचं तर आधी छोट्या गाडीने कुर्डुवाडीला यायचं आणि तिथे मोठी गाडी पकडायची. बार्शी एवढी मोठी बाजारपेठ, मग मेन लाईन बार्शीवरून का नाही नेली? आणि कुर्डुवाडी जंक्शन कशी झाली? – एक वाचक, बार्शी

उत्तर: जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) या तेव्हाच्या रेल्वे कंपनीला मुंबई आणि मद्रास जोडायचं होतं, त्यामुळे पुणे, दौंड, सोलापूर करत लाईन रायचूरकडे गेली (1871 ला तिथे मद्रासकडून आलेली लाईन जोडली गेली) आणि बार्शी वीसेक मैल बाजूला राहिली. 1859-60 मधे या भागात रूळ पडले तेव्हा बार्शीच्या वाट्याला जे स्टेशन आलं ते आजचं कुर्डुवाडी, तेव्हा पाटीवर नाव होतं बार्शी रोड. पुढची पस्तीस-एक वर्षं बार्शीच्या बाजारातला कापूस, गळिताचं धान्य सगळं बैलगाडीने स्टेशनपर्यंत यायचं, उन्हाळ्यात एकवेळ जमायचं पण पावसात काळ्या रानात चाक रुतलं की गाडीवानाचे काय हाल होत असतील ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

हे बदललं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरमुळे. ते आधी जीआयपीतच कामाला होते. त्यांचं म्हणणं असं की छोटी रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची स्वस्तातली नक्कल नाही, तिचा हिशोबच वेगळा मांडायला पाहिजे. रुळांमधलं अंतर अडीच फूट आणि कुठल्याही ॲक्सलवर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनाच्या वर वजन नाही, मग इंजिन असो की वॅगन. त्यामुळे रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च कमी होतो आणि माल मात्र भरपूर जातो. इंग्लंडमधे लीड्सजवळ ट्रॅक टाकून आधी ट्रायल घेतली आणि 1897 मधे कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी रेल्वे, म्हणजेच बार्शी लाईट, सुरू झाली. माझ्या मते आपल्या भागातलं इंजिनिअरिंगचं इतकं मोठं काम आपण फारच कमी सांगतो. याच माणसाने पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं.

मग 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर (तेव्हा निजामाच्या राज्यात) आणि 1927 ला मिरज जोडलं गेलं. एका बाजूला मराठवाडा, दुसऱ्या बाजूला पंढरपूर-मिरज आणि मधून मुंबई-सोलापूर मेन लाईन, आणि हे सगळं भेटायचं कुर्डुवाडीत. छोटी गाडी अडीच फुटी, मोठी साडेपाच फुटी, त्यामुळे वॅगन सरळ पुढे जाणं शक्यच नव्हतं, एकीकडचं पोतं हमालाने पाठीवर घ्यायचं आणि दुसरीकडच्या डब्यात रचायचं, कापसाच्या गाठींचंही तेच. गाव वाढलं ते या चढ-उतारीवर आणि रेल्वेच्या वर्कशॉपवर. आषाढी-कार्तिकीला तर वारकऱ्यांची गर्दी छोट्या गाडीत मावायची नाही, लोक टपावर बसून जायचे. 1954 ला सरकारने कंपनी विकत घेतली, तोपर्यंत ही खासगी कंपनीच होती, तीसुद्धा लंडनमधे रजिस्टर झालेली.

प्रश्न: मग आता छोटी लाईन गेल्यावर कुर्डुवाडीला काय राहिलं? 2016 ला लातूरला पाण्याची ट्रेन गेली ती याच रस्त्याने का? – एक वाचक, लातूर

उत्तर: हो, याच रस्त्याने. आधी 2001 च्या सुमारास कुर्डुवाडी-पंढरपूर ब्रॉडगेज (साडेपाच फुटी मोठी लाईन) झालं, 2008 पर्यंत लातूरची बाजू झाली आणि त्यानंतर मिरजेची. लातूरकडची लाईन नव्याने टाकताना उस्मानाबाद (आताचं धाराशिव) शहरावरून फिरवली, जुनी छोटी गाडी येडशीवरून जायची आणि जिल्ह्याचं गाव बाजूलाच राहायचं. एप्रिल 2016 मधे मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची गाडी 10 वॅगनची होती, पाच लाख लिटर पाणी, पंढरपूर-कुर्डुवाडी करत लातूरला पोचली. पुढे 50 वॅगनच्या गाड्या गेल्या. गेज बदललं नसतं तर कुर्डुवाडीला गाडी थांबवून ते सगळं पाणी एका टँकरमधून दुसऱ्यात ओतत बसावं लागलं असतं. आता वॅगन न बदलता गाडी थेट जाते, पण मिरज आणि लातूर दोन्ही बाजू मेन लाईनला भेटतात त्या कुर्डुवाडीतच, त्यामुळे जंक्शन म्हणून महत्त्व आहेच. लातूर-मुंबई एक्सप्रेससुद्धा कुर्डुवाडीवरूनच जाते. ज्यांच्या घरी वर्कशॉपमधे किंवा छोट्या गाडीवर काम केलेली माणसं अजून आहेत त्यांनी त्यांना बोलतं करून त्यांच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, जुने पास आणि फोटो जपून ठेवा, या मासिकाकडे पाठवले तर आम्ही नक्की छापू.