लटकलेली टेस्ट: टाइमआउट वाढवण्याआधी ती कुठे अडकलीय ते बघा

तुमचा रात्रीचा पायटेस्ट (पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन) बिल्ड गिटहब ॲक्शन्सवर (टेस्ट आपोआप चालवणारी सेवा, म्हणजे तुमचं सीआय) सहा तास लटकतो आणि मग रद्द होतो. गोरेगावच्या ऑफिसातल्या मशीनवर मात्र सगळं पास. आणि विचारताय, टाइमआउट (टेस्टला दिलेली कमाल वेळ) ३० सेकंदांवरून १२० करू का? नका करू.

सहा तास ही जॉबची डिफॉल्ट मर्यादा, ३६० मिनिटं. ती २५ मिनिटांवर आणाच, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. जॉब बाहेरून मारला की आत काय अडकलं होतं ते कळत नाही. म्हणून आतला टाइमआउट आधी उडायला हवा.

आज रात्री फक्त पायटेस्टचं फॉल्टहँडलर टाइमआउट सेटिंग लावा. ते काहीच मारत नाही, ठरलेल्या वेळेनंतर सगळ्या थ्रेडचे स्टॅक छापतं, म्हणजे कोड कुठल्या ओळीवर अडकलाय ते दिसतं. पायटेस्ट-टाइमआउट प्लगिन नंतर. त्याची सिग्नल पद्धत ती एकच टेस्ट फेल करून पुढे जाते. थ्रेड पद्धत अख्खी प्रोसेस बंद करते, टिअरडाउनसुद्धा (टेस्टनंतरची आवराआवर) होत नाही, मग उघडे राहिलेले डेटाबेस तुम्हीच आवरा.

तुम्ही लिहिलंय की टेस्ट सबप्रोसेसने (दुसरा प्रोग्राम चालवणारं पायथनचं मॉड्यूल) सर्व्हर उठवते, त्याचं आउटपुट पाइपमध्ये घेते आणि वेटवर, म्हणजे तो संपेपर्यंत, थांबते. माझा संशय तिथेच. लिनक्सवर पाइपमध्ये साधारण ६४ केबी मावतात. ऑफिसात लॉग थोडा, म्हणून निभावतं. सीआयवर डीबग लॉगिंग चालू असेल तर पाइप भरतो, चाइल्ड (टेस्टने उठवलेला सर्व्हर) लिहिताना अडतो, आणि तुमची टेस्ट तो संपायची वाट बघत बसते. वाचणारं कोणीच नाही! आउटपुट फाइलमध्ये वळवा किंवा वेटऐवजी पाइप वाचत राहणारं कम्युनिकेट वापरा. कम्युनिकेटला टाइमआउट दिला तरी तो उडाल्यावर चाइल्ड आपोआप मरत नाही. किल करून पुन्हा एकदा कम्युनिकेट बोलवावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

दुसरा संशयित रिक्वेस्ट्स, पायथनमधून एचटीटीपी कॉल करणारी लायब्ररी. टाइमआउट दिला नाही तर ती लायब्ररी उत्तराची वाट बघतच राहते. आणि १० दिलेत तरी ते एकूण १० सेकंद नव्हेत. सर्व्हर थेंबथेंब डेटा पाठवत राहिला तर कॉल कितीही लांबतो.

आता तुमचे १२०. स्लो लोकल उशिरा का होईना, बोरिवलीला पोचते; ओव्हरहेड वायर तुटली असेल तर जादा वाट बघून गाडी हलत नाही. तुमची सगळ्यात संथ टेस्ट चार सेकंदांत होत असेल तर ३० सुद्धा भरपूर. टाइमआउटवर आपोआप रीरन (टेस्ट पुन्हा चालवणं) तर मुळीच लावू नका. पाइप दुसऱ्यांदाही भरेलच, आणि तोपर्यंत मागच्या धावेतला सर्व्हर पोर्ट अडवून बसलेला असेल.